घरच्याला चाचणी नाही

पवार कंडक्टरांनी पँट गुडघ्याच्या वर दुमडली आणि म्हणाले, "पुने, आज जरा तरणी माशी दे. मागच्या शनिवारची म्हातारी व्हती. चावली का मुका घेतला, तेच कळलं न्हाई."

"म्हातारीच जोरात चावते," मी म्हणाले. "तरणीच्या अंगात अजून विष भरलेलं नसतं."

"आमच्यातबी तसंच हाय," पवार म्हणाले आणि स्वतःच हसले.

आप्पा हसले नाहीत. माशी लावताना ते कधीच हसायचे नाहीत. माझ्या हातातली काडेपेटी घेतली, बोटभर उघडली, चिमट्याने माशी धरली आणि तिची शेपटी पवारांच्या गुडघ्याच्या वाटीला टेकवली. पवारांनी दात आवळले. माशीने काटा सोडला आणि ती सुटली. काटा कातडीत उभा राहून एकटाच धडधडत होता. तो बघायला मला लई आवडायचं. माशी मेली तरी काटा आपलं काम करत राहतो.

आप्पा म्हणजे माझे वडील, ज्ञानदेव उतेकर. घाटमाथ्यावरच्या आमच्या वाडीत, घरामागच्या उतारावर त्यांच्या सातेरी मधमाश्यांच्या चाळीस पेट्या होत्या. मध ते विकायचे. माशी लावायचं मात्र काहीच घ्यायचे नाहीत, नारळसुद्धा नाही. दर शनिवारी चार-पाच माणसं यायची. गुडघे, कंबर, खांदे. कुणाला फरक पडायचा, कुणाला नाही. ज्यांना पडायचा ते पुन्हा यायचे, म्हणून आमच्या ओट्यावर नेहमी फरक पडलेलीच माणसं दिसायची. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

या गोष्टीला चार वर्षं झाली. तेव्हा मी पंधराची होते आणि घरी बसलेली होते. नववीत सरांनी माझ्यावर डस्टर फेकलं, ते मी परत फेकलं. त्यांचं मला लागलं नाही, माझं त्यांना लागलं. त्यानंतर मी शाळेत गेले नाही. आप्पा काही बोलले नाहीत. आई मात्र रोज बोलायची.

त्या शनिवारी पवारांनी आपली मेहुणी आणली होती. तिची कंबर धरली होती. आप्पांनी तिला कमरेला माशी लावली नाही. हाताला, कोपराच्या खाली एक लावली, दहापर्यंत आकडे मोजले आणि नखाने काटा खरवडून काढला.

"झालं?" मेहुणी म्हणाली.

"आता बसायचं. अर्धा तास."

"अर्धा तास कशाला? माझी गाडी जाईल की."

"जाऊ दे. दुसरी येईल."

"बस गं गुमान," पवार म्हणाले. "मलाबी असंच बसवलं व्हतं. पोरगी बघायला आल्यागत नुसतं तोंडाकडं बघत्यात."

आप्पा खरंच तोंडाकडे बघत होते. ओठ सुजतात का, डोळे लाल होतात का. मध्येच विचारायचे, "तळहाताला खाज येती का? गळ्यात काही अडकल्यागत वाटतंय? श्वास मोकळा हाय?" त्यांच्या बाने त्यांना हे शिकवलं होतं. एका माणसाला पूर्वी काहीतरी झालं होतं म्हणे. तेव्हापासून नवं माणूस आलं की आधी ही चाचणी. त्यात नापास झालेल्या तिघांना आप्पांनी पुन्हा ओट्यावर चढू दिलं नव्हतं. एक तर सरपंचांचा भाऊ होता.

"आन घरच्यांनाबी असंच बसवता का?" मेहुणीने विचारलं.

"घरच्याला चाचणी न्हाई," आप्पा म्हणाले. "घरच्याला कशाला? ही पुनी पाळण्यात व्हती तवा हिच्या कपाळाला माशी चावली. रडली, झोपली. पेटीच्या घरात माशीचं विष माणसाच्या अंगात मुरलेलं असतं."

"मग वहिनींचं कसं?" पवार म्हणाले. आवाज त्यांनी खाली आणला होता, पण कंडक्टरचा आवाज खाली येऊन येऊन किती येणार. "साऱ्या मुलखाचे गुडघे तुमी सरळ केलं, आप्पा. वहिनींची बोटं तेवढी तशीच."

आप्पांनी चिमटा पुसायला घेतला.

तेवढ्यात आई चहा घेऊन दारात आली. ताट तिने दोन्ही मनगटांवर पेललं होतं, कारण बोटांत धरता येत नव्हतं. ती उंबऱ्यातच थांबली. मी उठून ताट घेतलं. सगळ्यांनी एकदा तिच्या हाताकडे बघितलं आणि मग दुसरीकडे.

"माझी बोटं मला सरळच दिसत्यात, दाजी," आई म्हणाली. "तुमचा चष्मा बदला एकदा." आणि आत गेली.

मला तिचा असा राग आला की हातातला चहा हिंदकळला.

आईला संधिवात होता. तीन वर्षं झाली होती. आधी उजव्या हाताची दोन बोटं सुजली, मग दोन्ही हातांची सगळी. गाठी झाल्या, बोटं करंगळीच्या बाजूला वळायला लागली. आई वाडीतल्या सगळ्या बायकांची ब्लाउजं शिवायची. आता मशीनवर गोधडी टाकलेली होती. गॅसचं बटण ती दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची. दाराची कडी कोपराने लावायची. कणीक मनगटाने मळायची. वाईच्या डॉक्टरांनी आठवड्याला घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या ती दर रविवारी कॅलेंडरवर खूण करून घ्यायची. डॉक्टर म्हणाले होते, गुण यायला महिने लागतील, सोडू नका. पाचवा महिना चालू होता.

आणि घरामागे चाळीस पेट्या. पण आईने कधी एक माशी लावून घेतली नाही. पेट्यांकडे तर ती फिरकायचीच नाही. परसातल्या जांभळीपलीकडे मी तिला कधी गेलेली बघितली नाही. माशी घरात शिरली तर ही पदर तोंडावर घेऊन माजघरात. आप्पांचे पेटीवरचे कपडे धुताना सटासट शिंकायची, डोळे लाल करून घ्यायची. मला बारीकसारीक सगळं दिसतं, लहानपणापासून. हेही दिसायचं. मी त्याचा अर्थ लावला होता, की हिला आप्पांच्या कामाची किळस आहे. वाई गावातली होती ना ती, बापाचं कापडाचं दुकान. माश्यांवाला नवरा तिला कमी वाटत असणार.

रविवारी आप्पा चुलत्याच्या गावाला गेले. तिथल्या रानात झाडाच्या ढोलीत सातेरीचं मोठं पोळं होतं, ते धरून पेटीत घालायला. दोन दिवसांचं काम. तिथं फोन फक्त दुकानापाशी लागायचा.

सोमवारी सकाळी आईने मला हाक मारली. ब्लाउजचे हुक लागत नव्हते. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, मी तिच्या पुढे शिरून हुक लावले. सगळ्या गावाचे हुक हिनं शिवले होते. तिची बोटं त्या दिवशी इतकी सुजली होती की अंगठी कातडीत रुतून बसली होती. दुसरं कुणी असतं तर रडलं असतं. मला रडायच्या जागी राग येतो.

"आई, एक माशी घे."

"चहा पी तू."

"पवारांचा गुडघा बघ की. आता जिना चढतात."

"दाजींना गप्पा मारायला ओटा पायजे. गुडघा निमित्त हाय."

"तुला आप्पांची लाज वाटते."

ती वळली. "काय म्हणलीस?"

"खरं ते म्हणले. लोक हसतात त्यांना. दुनियेला माशी लावतो आणि स्वतःची बायको हात लावू देत नाही म्हणतात. त्यांचं तोंड कसं होतं बघितलंस का शनिवारी? चिमटा पुसत बसले होते, पुसलेलाच."

आई पाटावर बसली. हात मांडीत उलटे ठेवले, दुसऱ्या कुणाचे ठेवावेत तसे.

"त्यांनी मला कधी म्हणलं न्हाई, घे म्हणून," ती म्हणाली.

"ते म्हणणारच नाहीत. म्हणून मी म्हणते."

"तू लई सांगतीस मला. मी वर्षभर सांगतीया, सतरा नंबरचा फॉर्म भर, घरी बसून दहावी दे. ऐकलंस?"

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा. शाळेच्या बाई दोनदा घरी येऊन सांगून गेल्या होत्या. दोन्ही वेळा मी पेट्यांकडे निघून गेले होते.

"तू माशी घे, मी फॉर्म भरते," मी म्हणाले.

हे मी तिचं तोंड बंद करायला म्हणाले होते. ती माशी घेणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच म्हणाले.

आईने मांडीतले उलटे हात सुलटे केले.

"भरशील?"

"भरीन."

"नुसता भरून ठेवायचा न्हाई. परीक्षेला बसायचं."

"बसीन की."

"नापास झालीस तर परत बसायचं."

"अगं हो."

"शपथ?"

"आप्पांची शपथ."

"जित्या माणसाची नको. तुझा शब्द दे."

"दिला."

आईने हात पुढे केला. मला वाटलं थट्टा करते. पण तिने बांगड्या वर सारल्या आणि हात पाटाच्या कडेला टेकवला.

"डावा घे," ती म्हणाली. "उजव्यानं अजून लई करायचंय मला."

मी पळतच पेट्यांकडे गेले. पहिल्या पेटीच्या तोंडाशी काडेपेटी धरली, एक माशी आत घेतली. आप्पा परत येतील तेव्हा आई मशीनवरची गोधडी काढून बसलेली असेल, इथपर्यंत मी येता येता पोचले होते. चाचणीचं माझ्या मनात आलं, अगदीच आलं नाही असं नाही. पण आई नवं माणूस नव्हती. अठरा वर्षं या घरात होती.

मधल्या बोटाच्या गाठीवर मी माशी टेकवली. आईने डोळे मिटून घेतले. काटा बसला.

"झालं," मी म्हणाले. "दुखलं?"

"न्हाई. काढ आता."

"आत्ता कुठं? पवारांचा दहा मिनिटं ठेवतात."

घड्याळ समोरच होतं. नऊ वाजून वीस मिनिटं. मी मेलेली माशी तुळशीत ठेवून आले, आप्पा ठेवायचे तशी. आले तर आई दोन्ही तळवे पाटाच्या कडेवर घासत होती.

"पुने, काढ."

"पाचच मिनिटं थांब ना. आता घेतलीच आहेस तर नाटकं कशाला?"

हे माझे शब्द. मी ते कुणाला सांगितले नव्हते, आता सांगतेय.

मग मी तिच्या गळ्याकडे बघितलं. गळ्यावर गांधी उठत होत्या, नकाशात बेटं असतात तशा, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकमेकींना मिळत होत्या. ओठ जाड झाले होते. ती काहीतरी बोलली तो आवाज तिचा नव्हता, बसका, आतून येणारा. शनिवारी आप्पांनी मेहुणीला विचारलेलं एकेक मला पाठ होतं. तळहात, ओठ, गळा, श्वास. विचारायची गरजच नव्हती.

मी काटा खरवडला. आई उठायला गेली आणि भिंतीला धरून खाली घसरली.

पुढचं मी भराभर केलं. रागीट माणसाचा एक फायदा असतो, हातपाय थांबत नाहीत. तिला पाठीवर घेतलं. तीन वर्षांच्या दुखण्याने ती पोरीएवढी हलकी झाली होती. रस्त्यापर्यंत उतरले. किसनदाची दुधाची जीप खाली चालली होती. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. किसनदाने आईचं तोंड बघितलं, एक शब्द विचारला नाही. पुढच्या सीटवरचे दोन कॅन उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवले आणि गाडी पळवली. घाटातला सरकारी दवाखाना पंधरा मिनिटांवर होता. त्या पंधरा मिनिटांत आई दोनदा ओकली आणि एकदा तिने माझ्या दंडाला धरलं. त्या बोटांत तेवढा जोर आहे हे मला माहीत नव्हतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. आईला बघताच त्यांनी सिस्टरला हाक मारली आणि साडीवरूनच मांडीत सुई मारली. मग नाकाला नळी, हाताला सलाईन, पायाखाली उशा.

"काय चावलं?" त्या आईवरची नजर न काढता म्हणाल्या.

"माशी. मधाची."

"किती?"

"एकच."

"कुठं होत्या? पेट्यांवर काम करत होत्या?"

"नाही. घरात. मी लावली."

"लावली म्हणजे?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, मीही ओरडले असते. पण त्या फक्त सिस्टरला म्हणाल्या, "पाच मिनिटांनी परत बीपी." दुसरी सुई भरून ट्रेमध्ये तयार ठेवली. ती लागली नाही. हळूहळू आईच्या छातीतली शिट्टी कमी झाली. गळ्यावरची बेटं फिकी झाली. तिने डोळे उघडले आणि पहिल्यांदा साडी गुडघ्याखाली ओढली.

मॅडम तिच्याजवळ वाकल्या. "ताई, याआधी असं कधी झालं होतं? माशी चावल्यावर?"

"नाही हो," मी म्हणाले. "ती तर पेट्यांजवळ जातच नाही."

"मी त्यांना विचारतेय."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. वर पंख्याकडे बघत म्हणाली, "एकदा. लग्नाच्या दुसऱ्या साली."

"काय झालं होतं?"

"कानाच्या पाळीला चावली. सगळं अंग सुजलं. परसात पडले व्हते, कुणाला ठावं न्हाई. शुद्धीवर आले तवा अंगावर ऊन आलं व्हतं."

"आणि पेट्यांच्या कपड्यांनी वगैरे त्रास होतो? शिंका, डोळे चुरचुरणं?"

"व्हतो."

मॅडमनी लिहून घेतलं. मग मला म्हणाल्या, "पेटी बघणाऱ्याला माशी सारखी चावते, त्याला सवय होते. घरातल्या माणसाला चावत नाही, नुसतं कपड्यांतून थोडं थोडं अंगावर येत राहतं. अशा माणसाला उलट जास्त त्रास होऊ शकतो. घरचं म्हणून सोडायचं नसतं. आणि संधिवाताची गोळी चालू आहे ना? तीच चालू ठेवायची. आज रात्री मी त्यांना सोडणार नाही, त्रास परत उसळू शकतो."

त्या गेल्यावर मी पलंगाजवळच्या स्टुलावर बसले. मला कुणाच्या तरी अंगावर धावून जावंसं वाटत होतं आणि तिथं माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"व्हय."

"मग आप्पांना का नाही सांगितलंस? सोळा-सतरा वर्षं?"

आईचा आवाज अजून खरखरत होता. थांबत थांबत बोलली. "तवा त्यांनी नुकत्या धा पेट्या केल्या व्हत्या. रातंदिस त्याच्यातच. मी सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या देऊन टाकल्या असत्या. तुझा बाप तसा हाय. आन मग काय केलं असतं त्यांनी? माश्यांबिगर त्यांना दुसरं येतंय का काही? मी म्हणलं, आपण लांब राहिलं की झालं. घर मोठं हाय, परसू मोठं हाय."

"आणि मी लाज वाटते म्हणाले."

"लोकबी म्हणत्यात. म्हणू द्यात."

"मग आज कशाला हात दिलास?"

आईने मान माझ्याकडे वळवली. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"तू फॉर्म भरते म्हणलीस की," ती म्हणाली. "मला वाटलं, लई वर्सं झाली, गेलं असंल ते अंगातून. एकच तर माशी."

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर किसनदा जीप धूत होता.

आप्पा तीनच्या सुमाराला आले. किसनदाने चुलत्याच्या गावच्या दुकानात फोन केला होता. ते पोळं अर्ध्यावर टाकून तसेच आले होते. अंगावर पेटीचा शर्ट, धुराचा आणि मेणाचा वास. खोलीच्या दारात मॅडमनी हात आडवा केला.

"तुम्ही मिस्टर? आत यायचं नाही. आधी शर्ट काढा. हातपाय धुऊन या."

आप्पांना कळेना. मॅडमनी त्यांना तिथंच, उभ्या उभ्या सगळं सांगितलं, परसातल्या त्या दिवसापासून. माशी कुणी लावली तेवढं सोडलं. आप्पा ऐकत होते. मध्येच त्यांनी स्वतःच्या बाहीकडे बघितलं, त्यावर काहीतरी सांडलंय अशा नजरेने. शर्ट काढला, बाहेर जाऊन जीपच्या बॉनेटवर ठेवला. नळावर कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, परत हात धुतले. मग बनियनवर आत आले आणि पलंगापासून दोन हात लांब उभे राहिले.

"या की," आई म्हणाली.

"हितं बरा हाय," आप्पा म्हणाले. मग, "कुणी लावली?"

"मीच," आई म्हणाली. "हात लई दुखत व्हता. मीच काडेपेटीत धरली."

आप्पांनी तिच्या बोटांकडे बघितलं. त्या बोटांनी काडेपेटी उघडतसुद्धा नव्हती.

"मी लावली," मी म्हणाले.

मी गाल तयार ठेवला होता. आप्पांनी मला आयुष्यात कधी मारलं नव्हतं, पण त्या दिवशी मारलं असतं तर हिशोब सोपा झाला असता.

"चाचणी केली व्हतीस?"

"नाही."

"का?"

"तुम्हीच म्हणता ना, घरच्याला चाचणी नाही."

दुसऱ्या कुणाला मी हे भांडताना ऐकवलं असतं. त्यांना मी नुसतं उत्तर दिलं. आप्पांनी स्टूल पलंगापासून लांब ओढलं. गुडघ्यावर हात ठेवून बसले, ओट्यावर नव्या माणसाला बसवायचे तसे.

"व्हय," ते म्हणाले. "मीच म्हणतो."

मग आईला म्हणाले, "पेट्या काढतो."

"काही काढायचं न्हाई. वढ्याच्या पल्याड न्या. कपडे तिकडंच बदलत जावा."

"आन शनवारची माणसं?"

"ते तुमी बघा," आई म्हणाली आणि डोळे मिटले.

आप्पा उठले आणि मॅडमच्या टेबलापाशी गेले. मी मागे गेले. "तुमी जी सुई मारली," ते म्हणाले, "तिचं नाव लिहून द्या. परत कधी असं झालं, मी नसलो, तर कुठल्याबी दवाखान्यात आधी ते नाव सांगता आलं पायजे."

मॅडमनी चिठ्ठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत एकच शब्द लिहिला आणि खाली रेघ मारली. आप्पांनी चिठ्ठी घेतली, उलटी-सुलटी केली. ते चौथीपर्यंत शिकलेले, इंग्रजी त्यांना येत नव्हतं. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"वाच."

मी बघितलं. दहा अक्षरं होती. सगळी ओळखीची होती, एकेकटी. एकापुढे एक धरली की त्यांचा शब्द होत नव्हता. नववीत असताना असं झालं की मी वही ढकलून द्यायचे आणि बाहेर जायचे. आताही माझे कान तापले. दार उघडंच होतं.

"घाई न्हाई मला," आप्पा म्हणाले. ते बनियनवर उभे होते आणि दवाखान्यातली माणसं त्यांच्याकडे बघत होती.

मी पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. "ए," म्हणाले. मग "डी". तिथून पुढे गेले आणि अडले. परत मागे आले. मॅडम सांगायला गेल्या, तर आप्पांनी मान हलवून त्यांना थांबवलं.

"मोठ्यानं वाच," आतून आईचा खरखरीत आवाज आला. "माझ्याच अंगात घातलंय ते. मलाबी कळू दे."

मी मोठ्याने वाचलं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्या वेळेला मॅडमनी हो म्हटलं. मग आप्पांनी तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला, आणि आत जाऊन, पलंगापासून दोन हात लांब उभं राहून, आईला म्हणून दाखवला.